चुकीच्या नाकाचं विमान

गेल्या पावसाळ्यात पुण्यातल्या एका छोट्या फिल्म क्लबात 'बॅटल ऑफ ब्रिटन' दाखवला. गाय हॅमिल्टनचा, 1969 सालचा. दिवे लागले, चर्चा सुरू झाली आणि पहिल्या रांगेतले एक गृहस्थ उभे राहिले. विमानांचा त्यांचा अभ्यास दांडगा आहे, हे मला आधीपासून ठाऊक होतं. त्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला आणि चुका वाचायला सुरुवात केली. जर्मन विमानांची नाकं चुकीची. स्पिटफायर नंतरच्या बनावटीची. पंख्याला तीनऐवजी चार पाती. गोळ्या संपतच नाहीत. यादी पुरी व्हायला दहा मिनिटं लागली. शेवटी कागदाची पुन्हा घडी घालत ते म्हणाले, "ज्याला विमानं कळतात त्याला असले सिनेमे बघवत नाहीत. आणि ज्याला बघवतात त्याने आपल्याला विमानांची आवड आहे असं म्हणू नये."

माझ्या शेजारच्या खुर्चीवर एक कॉलेजातली मुलगी होती. सिनेमा चालू असताना ती दोनदा खुर्चीच्या टोकाशी सरकून बसली होती. शेवटाकडे ते तरुण पायलट हल्ल्याची वाट बघत बसतात आणि हल्ला येतच नाही, तेव्हा तिने ओढणीचं टोक तोंडाशी धरलं होतं. यादी ऐकता ऐकता ती हळूहळू मागे रेलली, आणि एक शब्दही न बोलता निघून गेली. जे पाहून तिचा जीव वरखाली झाला ते पाहण्याच्या लायकीचंच नव्हतं, असं तिला नुकतंच एका जाणकाराने सांगितलं होतं. त्या गृहस्थांशी माझं भांडण आहे ते तिच्यासाठी. मलाही विमानं आवडतात, आणि मला हे सिनेमे नुसते बघवतात असं नाही, मी ते पुन्हा पुन्हा बघतो.

यादीतली एकही चूक खोटी नव्हती, हे आधी सांगतो. सगळ्यात वर नाक होतं, म्हणून नाकापासूनच सुरुवात करू. 1940 सालच्या मेसरश्मिट 109 मध्ये डेम्लर-बेंझचं इंजिन उलटं बसवलेलं असे, सिलिंडर खालच्या अंगाला. त्यामुळे धुराची नळकांडी नाकाच्या खालच्या बाजूला दिसत. सिनेमातल्या मेसरश्मिटची नळकांडी वर आहेत आणि हनुवटी फुगलेली आहे. कारण ती मेसरश्मिट नव्हेतच, ती स्पेनमध्ये बांधलेली 'हिस्पानो बुचॉन' आहेत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जर्मनीने स्पेनला मेसरश्मिटचे सांगाडे दिले, पण इंजिनं दिली नाहीत. स्पेनने आधी दुसरं इंजिन बसवून पाहिलं, आणि पन्नाशीच्या दशकात ब्रिटनकडून रोल्स-रॉइस मर्लिन घेतलं. मर्लिन म्हणजे स्पिटफायरचं आणि हरिकेनचं इंजिन. हाइनकेल बॉम्बर म्हणून जी विमानं दिसतात तीही स्पेनचीच, आणि त्यांच्यातही मर्लिनच. 'बुचॉन' हे छाती फुगवून चालणाऱ्या एका कबुतराचं स्पॅनिश नाव आहे. विमानाची हनुवटी पाहिली की ते नाव कुणी का ठेवलं हे विचारावं लागत नाही.

पण थोडं मागे गेलं तर एक गंमत हाती लागते. मेसरश्मिट 109 चा अगदी पहिला नमुना मे 1935 मध्ये उडाला तेव्हा त्याच्यासाठी ठरवलेलं जर्मन इंजिन तयार नव्हतं. म्हणून त्यात रोल्स-रॉइसचं केस्ट्रेल इंजिन बसवलं होतं. ज्या विमानाने पुढे पाच वर्षांनी लंडनच्या आकाशात ब्रिटिशांचे प्राण घेतले, ते पहिल्यांदा जमिनीवरून उठलं ते ब्रिटिश इंजिनाच्या जोरावर. आणि शेवटी सिनेमात उतरलं तेही ब्रिटिश इंजिनाच्याच जोरावर. त्या गृहस्थांना ही हकिकत माझ्याआधीपासून माहीत असणार. मग ती त्यांनी त्या मुलीला का सांगितली नाही? ती ऐकली असती तर ती घरी जाऊन बुचॉनचे फोटो शोधत बसली असती. 'नाक चुकीचं' एवढंच ऐकल्यावर तिला शोधायला काही उरलंच नाही. माझी पहिली तक्रार इथे आहे. ज्ञान त्यांच्यापाशी आहे, पण ते दार उघडायला वापरायचं की लावून घ्यायला, यात त्यांची चूक झाली.

त्या काळात योग्य नाकाची विमानं आणायची तरी कुठून? युद्ध संपल्यावर ही विमानं हजारांनी भंगारात गेली. हवाई दलातून निवृत्त झालेले ग्रुप कॅप्टन हॅमिश महॅडी सिनेमासाठी विमानं शोधत ब्रिटनभर हिंडले. शंभरावर स्पिटफायर सापडली, त्यांतली 27 मिळाली आणि 12 उडवता आली. उडणारी हरिकेन मिळाली तीन. ज्या विमानाने त्या लढाईत सर्वांत जास्त शत्रू पाडले, त्याची तीन! काही स्पिटफायर तर हवाई तळांच्या फाटकांपाशी शोभेसाठी उभी होती. ती तिथून उतरवून दुरुस्त केली. आज युरोप-अमेरिकेत जुनी लढाऊ विमानं जपण्याची आणि उडवण्याची जी चळवळ दिसते तिला या सिनेमाने मोठा रेटा दिला. अमेरिकेतून आलेल्या एका वैमानिकाने तर कामाच्या मोबदल्यात बुचॉन घेतली आणि टेक्सासला नेली. त्यांतली काही पुढे कितीतरी सिनेमांत पुन्हा मेसरश्मिट म्हणून उभी राहिली.

चित्रीकरणाच्या जागी कोण कोण होतं तेही पाहू. जर्मनांचे ॲडॉल्फ गॅलंड आणि ब्रिटिशांचे रॉबर्ट स्टॅनफर्ड टक, एकेकाळचे शत्रू, दोघंही सल्लागार. त्या लढाईत ब्रिटनचं लढाऊ हवाई दल ज्यांच्या हाताखाली होतं ते ह्यू डाउडिंग म्हातारपणी चाकाच्या खुर्चीवरून चित्रीकरण पाहायला आले. गॅलंड यांचं निर्मात्यांशी वाजलं, ते नळकांड्यांवरून नव्हे. एका जर्मन सेनापतीने पडद्यावर नाझी सलाम ठोकावा की लष्करी, यावरून. खरी मेसरश्मिट उडवलेल्या माणसाने खोटं नाक चालवून घेतलं आणि माणसाचं वागणं खोटं ठरतंय असं वाटताच तो अडून बसला. चुकांचा क्रम कसा लावायचा हे मी गॅलंड यांच्याकडून शिकतो.

मराठी प्रेक्षकाला तर हे सांगावंही लागू नये. 'मानापमान'मधली भामिनी शालू नेसून रंगमंचावर आली की आत नारायणराव राजहंस आहेत हे पिटातल्या पोरालाही ठाऊक असे. त्या बालगंधर्वांच्या नेसण्याची, दागिन्यांची नक्कल घराघरांतल्या बायका करत. 'एकच प्याला'तल्या सिंधूसाठी माणसं रडली, आणि ती बाई नाही म्हणून त्यांचं रडणं खोटं ठरलं नाही. पहिल्या रांगेतून कुणी उठून सिंधूचा कंठमणी दाखवू लागला असता तर आजूबाजूच्यांनी त्याला खाली बसवलं असतं. कंठमणी नव्हता असं नव्हे; तो प्रश्न तिथे विचारायचा नव्हता. सोंगाला विचारायचं ते एवढंच की ते वठलं का. बुचॉन ढगातून खाली झेपावतं आणि कॉकपिटमधला कोवळा पोरगा मान वळवून मागे बघतो, तेव्हा माझ्या पोटात खड्डा पडतो. सोंग वठलं.

'टॉप गन'मधलं 'मिग-28' हेही यादीवाल्यांचं आवडतं गिऱ्हाईक. असं विमान कधी झालंच नाही, मिगच्या लढाऊ विमानांचे आकडे विषम असतात, आणि पडद्यावर दिसतं ते काळा रंग फासलेलं अमेरिकेचंच एफ-5. सगळं खरं. पण अमेरिकी नौदलाच्या ज्या प्रशिक्षण शाळेवर तो सिनेमा बेतला आहे, तिथेच एफ-5 ला मिग-21 समजून आणि ए-4 ला मिग-17 समजून वैमानिकांना झुंजीचा सराव देत. ज्यांचे जीव त्या सरावावर अवलंबून होते त्यांनीही हेच सोंग चालवून घेतलं होतं. आणि याच सिनेमासाठी फिरकी घेत खाली येण्याचं दृश्य टिपताना 16 सप्टेंबर 1985 रोजी आर्ट शॉल हा कसलेला कसरतपटू वैमानिक पॅसिफिक महासागरात कोसळला. तो सापडला नाही, त्याचं विमानही सापडलं नाही. सिनेमा त्याला अर्पण केलेला आहे. 'मिग-28'वर हसणाऱ्या किती जणांनी अर्पणपत्रिकेतलं ते नाव वाचलं असेल?

आता क्रिस्टोफर नोलनचा 2017 सालचा 'डंकर्क' घेतो, कारण माझं म्हणणं त्यात सगळ्यांत नीट दिसतं. टॉम हार्डीचा चेहरा जवळजवळ संपूर्ण सिनेमाभर ऑक्सिजनच्या मुखवट्याआड आहे. बहुतेक सिनेमांतले वैमानिक बोलायची वेळ आली की मुखवटा सोडतात, कारण मोठ्या नटाचा चेहरा दिसायला हवा. प्रत्यक्षात माइक त्या मुखवट्यातच असतो. तो सोडला तर रेडिओवर आवाज जाणारच नाही. नोलनने ही खरी गोष्ट पाळली, आणि मग नटाकडे उरले फक्त डोळे. इंधनाचा काटा बंद पडतो. तो पॅनेलवर खडूने आकडे लिहितो. परतायची वेळ झाली हे त्याला कळतं, ते आपल्याला त्याच्या डोळ्यांत दिसतं, आणि तो परतत नाही. गेल्या कित्येक वर्षांत इतका चांगला अभिनय मी थोड्या सिनेमांत पाहिला, आणि तो घडला तांत्रिक अचूकपणामुळे. अचूकपणाचं मोल मला कळत नाही, असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

पण त्याच सिनेमात जर्मन विमानांची नाकं पिवळी आहेत. तो रंग प्रत्यक्षात डंकर्कच्या नंतर आला. प्रेक्षकाला शत्रू चटकन ओळखता यावा म्हणून नोलनने तो आधीच दिला. आणि इंधन संपून पंखा थांबल्यावर हार्डीचं स्पिटफायर किनाऱ्यावरून तरंगत राहतं, इतका वेळ की कुठल्याच हिशेबात बसत नाही. त्या अवस्थेत ते एक जर्मन स्टुका विमानही पाडतं. मग तो हातपंप मारत चाकं खाली घेतो, आणि सुरुवातीच्या काही स्पिटफायरना खरोखरच तसा हातपंप होता. अशक्य तरंगणं आणि खरा हातपंप, दोन्ही एकाच प्रसंगात! मला त्या थांबलेल्या पंख्याची शांतता हवी आहे. खाली वाळूवर हजारो माणसं वर बघतात, आणि वरच्या माणसाला ठाऊक आहे की तो घरी जाणार नाही. ती शांतता एका मिनिटात उरकली असती तर हिशेब बसला असता आणि माणूस निसटला असता. (रेडिओवर ऐकू येणारा तो वरिष्ठाचा आवाज मायकेल केनचा आहे. 'बॅटल ऑफ ब्रिटन'मध्ये तोच स्क्वॉड्रन लीडर होता. ज्याला विमानांचे सिनेमे आवडतात त्याच्या अंगावर तो आवाज ऐकून काटा येतो.)

खरी हवाई लढाई जशीच्या तशी दाखवायची म्हणजे काय दाखवायचं, याचाही विचार करा. 1940 साली ब्रिटिश वैमानिकांनी आपल्या मशीनगनचा मारा एकवटण्याचं अंतर 400 यार्डांवरून 250 यार्डांवर आणलं. एवढ्या जवळूनही मेसरश्मिट समोरच्या काचेत बोटाच्या पेराएवढंच दिसतं. स्पिटफायरच्या आठही गन सलग चालवल्या तर गोळ्या सुमारे 15 सेकंदांत संपत. वैमानिकांनी पुन्हा पुन्हा सांगितलेला अनुभव असा की क्षणभर आकाश विमानांनी भरलेलं असतं, आणि पुढच्या क्षणी तिथे कुणीच नसतं. हे तंतोतंत पडद्यावर आणलं तर प्रेक्षकाला एक ठिपका दिसेल आणि मग निळं आकाश.

ही अडचण सिनेमाइतकीच जुनी आहे. 1927 सालचा 'विंग्ज' करणारे विल्यम वेलमन पहिल्या महायुद्धात स्वतः लढाऊ विमान उडवत होते. त्यांनी सॅन अँटोनिओत आख्खं युनिट दिवसचे दिवस बसवून ठेवलं, कारण आकाशात ढग नव्हते. निरभ्र आकाशात टिपलेलं विमान पडद्यावर दोरीने टांगल्यासारखं दिसतं. मागे ढग असला तरच वेग कळतो. 'हेल्स एंजल्स' करताना हॉवर्ड ह्यूजही असेच ढगांची वाट बघत बसले. त्या सिनेमाच्या चित्रीकरणात तीन वैमानिक आणि एक मेकॅनिक गेले. वेलमनना लढाईचं आकाश कसं असतं ते ठाऊक होतं, आणि तरी ते ढगासाठी थांबले. प्रेक्षकाला ते आकाश जाणवून द्यायचं तर त्यात काहीतरी घालावं लागतं, हे त्यांना कळलं होतं.

एक चूक मात्र मलाही खुपते, आणि ती कुठल्याच यादीत नसते म्हणून जास्त खुपते. सिनेमात कुठलंही विमान खाली कोसळू लागलं की एक किंचाळी ऐकू येते, चढत जाणारी. ती जर्मन स्टुकाची. स्टुकाच्या चाकांच्या खांबांवर मुद्दाम भोंगे बसवलेले असत, खालच्या माणसांचं काळीज फाटावं म्हणून. कुणीतरी बसून, विचार करून तो आवाज घडवला होता. तो आज कुठल्याही देशाच्या, कुठल्याही काळाच्या विमानाला लावतात, आणि त्यामागचं क्रौर्य पुसलं जातं. चुकीचं नाक कुणाचं काही पुसत नाही. हा आवाज पुसतो.

इथे मी त्या गृहस्थांच्या सगळ्यांत भक्कम मुद्द्यापाशी येतो. ते म्हणाले होते, लोक सिनेमालाच इतिहास समजतात. बरोबर आहे. म्हणून तर मला त्यांच्या यादीचा राग येतो. इतिहासाची काळजी असलेल्या माणसाने नळकांडी मोजण्यात वेळ घालवावा आणि माणसं मोजायची राहून जावीत?

1955 सालच्या 'द डॅम बस्टर्स'मधला बॉम्ब चुकीच्या आकाराचा आहे, हे प्रत्येक यादीत असतं. तो आकार अजून गुपित होता, खरा दाखवायला परवानगीच नव्हती. खरा बॉम्ब पिंपासारखा होता, आणि विमानातून सुटण्याआधी तो उलटा फिरवला जाई. ठीक. त्या सिनेमाचा शेवट मात्र मी विसरू शकत नाही. जर्मन धरणं फोडण्याची मोहीम फत्ते झाली आहे, आणि रिकाम्या खोल्या, न हललेल्या वस्तू दिसतात. मोहिमेचा प्रमुख गिब्सन, त्याला अजून पत्रं लिहायची आहेत, न परतलेल्यांच्या घरी. 16 मे 1943 च्या रात्री 19 लँकॅस्टर निघाली होती, आठ परतली नाहीत. 133 जणांपैकी 53 मेले. सिनेमा हे सांगतो, आणि दाटल्या गळ्याने सांगतो. जे सांगत नाही ते असं: फुटलेल्या धरणांच्या पाण्यात सुमारे 1,600 माणसं बुडाली. त्यांत जर्मनांनी पूर्वेकडून धरून आणलेल्या वेठबिगारांची संख्या फार मोठी होती, आणि त्यांत कितीतरी बायका होत्या. छावणीतून पळून जाण्याची सोय नव्हती. बॉम्बच्या आकारावर बोलणाऱ्या एकाही चर्चेत मी त्यांचं नाव ऐकलेलं नाही.

'डंकर्क'चंही तसंच. पिवळ्या नाकावर पानंच्या पानं लिहिली गेली. भारतीय लष्कराच्या खेचरांच्या तुकड्या डिसेंबर 1939 मध्ये मुंबईहून बोटीने मार्सेला गेल्या होत्या, त्यांतले जवान त्याच वाळूवर होते, एक तुकडी तर शत्रूच्या हाती लागली. सिनेमात त्यांच्यातला एकही माणूस नाही. हा सिनेमा मी वर मनापासून वाखाणला आहे, आणि ही त्रुटीही तितक्याच मनापासून सांगतो.

आपल्याकडेही बघा. 'गुंजन सक्सेना'मध्ये उधमपूरच्या तळावर गुंजन एकटीच बाई वैमानिक दाखवली. श्रीविद्या राजनही तिथेच होत्या आणि कारगिलच्या काळात त्याही हेलिकॉप्टर उडवत होत्या, हे त्यांना स्वतःला पुढे येऊन सांगावं लागलं. लोंगेवालाच्या लढाईवरच्या 'बॉर्डर'चा सारा ताण उजाडण्याची वाट बघण्यावर उभा आहे, आणि ते तांत्रिकदृष्ट्या खरं आहे, कारण जैसलमेरच्या हंटर विमानांना रात्री रणगाड्यांवर मारा करता येत नव्हता. लोंगेवालाला आपले दोन जवान गेले. सिनेमाने ते कितीतरी वाढवले, जणू दोघांचं जाणं आणि उरलेल्यांचं रात्रभर उभं राहणं अपुरं होतं.

आणि 2021 चा 'भुज'. डिसेंबर 1971 मध्ये भुजची धावपट्टी बॉम्बने उखडली गेली, तेव्हा तळाची जबाबदारी स्क्वॉड्रन लीडर विजय कर्णिक यांच्यावर होती. शेजारच्या माधापर गावातल्या सुमारे 300 बायकांनी 72 तासांत ती धावपट्टी पुन्हा उभी केली. वरून दिसू नये म्हणून तिच्यावर शेण सारवलं, अंगावर हिरव्या साड्या नेसल्या. भोंगा वाजला की त्या झुडपांत पळत, थांबला की परत येऊन घमेली उचलत. शेणाने सारवलेली धावपट्टी! जगातल्या कुठल्या हवाई युद्धाच्या सिनेमाला असं दृश्य मिळालं आहे? हातात एवढं असताना त्या सिनेमाचा जीव स्फोटांत आणि आरोळ्यांत रमला. यादीवाल्यांनी त्यातली संगणकी विमानं कशी खोटी दिसतात ते लिहिलं. मला वाईट वाटलं ते घमेल्यांसाठी.

संगणकाचा विषय निघालाच आहे. ते गृहस्थ म्हणाले, आता संगणकावर हवं ते विमान रिव्हेटसकट बनवता येतं, मग चुकायला सबब काय उरली? रिव्हेट बनवता येतात, पण वजन सहजी बनवता येत नाही. 'रेड टेल्स'मध्ये विमानं दिसायला बिनचूक आहेत आणि माश्यांसारखी वळतात. काही टनांचं धूड वळताना आधी आडवं होतं, क्षणभर रेंगाळतं, खाली घसरतं, मग हवेला धरतं. हे डोळ्याला कळतं, ज्याने कधी विमानात पाऊल ठेवलेलं नाही त्याच्याही. बुचॉन चुकीचं विमान होतं, पण त्यात एक खरा माणूस होता आणि त्याचं पोट खरोखर पाठीला लागत होतं. चुकीचं विमान खरं उडालेलं मला चालतं. बरोबर विमान खोटं उडालेलं मला बघवत नाही. यादीच करायची तर या चुकीची करा, मी सही करतो.

रिव्हेट मोजण्याची जागा दुसरी आहे, आणि तिथे मी या अभ्यासकांपुढे हात जोडतो. 1940 च्या लढाईत क्रॉयडनहून लढलेलं आर4118 क्रमांकाचं हरिकेन पुढे भारतात आलं, आणि बनारस हिंदू विद्यापीठाच्या आवारात मुलांना शिकवण्यासाठी ठेवलं गेलं. 1982 साली पीटर व्हॅशर या इंग्रज गृहस्थांनी ते तिथे पाहिलं. त्यांनी पाठपुरावा सोडला नाही. 2001 साली ते इंग्लंडला नेलं, आणि डिसेंबर 2004 मध्ये ते पुन्हा उडालं. तिथे एक रिव्हेट चुकलेला चालत नाही, कारण त्यावर माणसाचा जीव टांगलेला असतो. त्या दुरुस्तीच्या कारखान्यातली शिस्त अंधाऱ्या सभागृहात आणून शेजारच्याच्या डोळ्यांतलं पाणी मोजू नये.

माझा मामा नाशिकजवळ ओझरला एचएएलच्या कारखान्यात फिटर होता. मिग-21 तिथे बांधली जात. कारखान्यात काय चालतं हे तो घरी बोलत नसे, बोलायची परवानगी नव्हती. आजी खानदेशात गावी राहायची. मुलगा 'विमानाच्या नोकरीत' आहे एवढंच तिला माहीत. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला 'विजेता' आला. गोविंद निहलानींचा, पटकथा दिलीप चित्र्यांची, आणि आशा भोसले व सत्यशील देशपांडे यांचं ते अहिरभैरवातलं गाणं. हवाई दलाने खरी विमानं दिली होती. मामाने आधी एकट्याने पाहिला, मग आजीला गावाहून आणवून तिला घेऊन गेला. मी दोघांच्या मधे बसलो होतो. मिग धावपट्टीवरून सुटलं तसा मामा पुढे वाकला. त्याच्या हातून गेलेल्या विमानांपैकी ते एखादं असेल का, हे तो पाहत असावा. आजीने पदर सावरला आणि हळूच विचारलं, "हे तू करतोस?" मामा म्हणाला, "मी एकटा नाही गं. पण हो."

त्या सिनेमात मामाला खटकण्यासारखं काहीच नसेल असं होणार नाही. ते यंत्र त्याने आतून पाहिलं होतं. बाहेर आल्यावर तो एकाही चुकीबद्दल बोलला नाही. आजी बसमध्ये चढेपर्यंत त्या पोराच्या आईबद्दल बोलत होती, युद्धात गेलेल्या पोराच्या आईचं कसं होत असेल म्हणून. सप्टेंबर 2025 मध्ये चंदीगडला मिग-21 चा निरोप झाला तेव्हा ही दोघंही नव्हती.

तर त्या पहिल्या रांगेतल्या गृहस्थांना माझी विनंती आहे. फिल्म क्लबाला मी पत्र लिहून 'विजेता' दाखवायला सांगितलं आहे. तुम्ही जरूर या. कागद आणा, पण दिवे लागेपर्यंत तो खिशातच राहू द्या. ती मुलगी आली तर तिला बुचॉनच्या नाकाची पूर्ण हकिकत सांगा, केस्ट्रेलपासून. ती माझ्यापेक्षा तुम्हाला जास्त चांगली सांगता येईल. तिच्या शेजारची खुर्ची मी तुमच्यासाठी राखून ठेवतो.